पहिल्या रविवारी मुलं पुढे येतात

रविवार, ११ ऑगस्ट

बाळ्या,

तू रागावलेला आहेस हे मला माहीत आहे. केंद्रातल्या समुपदेशक बाईंना फोन केला होता. त्या म्हणाल्या, पत्र दिलं की घेतो, वाचतो की नाही ते सांगता येत नाही, पण टाकून देत नाही. मला तेवढं पुरे. तुला तिथे सोडलं त्या दिवशी सही तुझ्या बायकोने करायची होती. तिचा हात उचलेना, म्हणून मी केली. तेव्हा राग करायचा तर माझा कर, तिचा नको. आई गेल्यापासून तुझे राग मीच झेलत आले आहे, त्यात आता नवं काही नाही.

तुमच्याकडे फोन चालत नाहीत आणि माझ्या पोटात बातमी राहत नाही, म्हणून लिहायला बसले. बातमी अशी, की तुझ्या बहिणीच्या गळ्यात चर्चमधली रविवारची शाळा पडली आहे.

जुन्या बाई लेकीकडे कायमच्या राहायला गेल्या. पाळकांनी उपासनेनंतर विचारलं, लहान मुलांचा वर्ग कोण घेईल? सगळी मंडळी एकाएकी आपापल्या चपला शोधायला लागली. मी निवृत्त, मला पोरंबाळं नाहीत, आणि माझ्या चपला पायातच होत्या. पाळक म्हणाले, तुम्हाला माणसं हाताळायची सवय आहे. मी म्हटलं, पाळकसाहेब, मी सगळा जन्म लॅबमध्ये लोकांचं रक्त काढलं. माणसं हाताळली म्हणजे दंड धरून हाताळली. ते हसले आणि खोलीची किल्ली माझ्या हातात ठेवून मोकळे झाले.

आज पहिला दिवस. मी दारात उभी राहिले आणि बेकरीवाल्याच्या मुलाने मला बघून जो सूर लावला, तो पार सभागृहापर्यंत पोचला. त्याला गेल्या वर्षी ताप आला होता, तेव्हा मीच त्याचं बोट टोचलं होतं. ते बघून दातांच्या डॉक्टरची जुळी रडायला लागली. त्या दोघींना मी कधी हातसुद्धा लावलेला नाही, पण एकाने सुरू केलं की बाकीच्यांना राहवत नसावं. त्या दोघी सोडल्या तर या गावात आठ वर्षांखालचं एक पोर असं नाही, ज्याच्या अंगात माझी सुई गेलेली नाही. मुलं मला सुईबाई म्हणतात, हे मला आज कळलं.

तुझी मिठू मात्र कंबरेवर हात ठेवून पुढे आली आणि म्हणाली, “घाबरू नका, आत्याची सुई तिकडेच राहिली. तिला रिटायर केलंय.” मग मी पर्स उलटी करून दाखवली. बेकरीवाल्याच्या मुलाने रुमाल झटकून पाहिला, चष्म्याचं घर उघडून पाहिलं, आणि मग कुठे तो बसला. गोष्ट सांगायची राहिलीच. तासभर माझी झडतीच चालली होती.

मंडळीत मी सांगून ठेवलंय की तू बाहेरगावी मोठ्या बांधकामावर वायरिंगला गेला आहेस. लोक विचारतात आणि मी वाढवून सांगते. सध्या तू मुख्य वायरमन आहेस आणि तुझ्या हाताखाली माणसं आहेत. तू आलास की आपण तुला हळूहळू खाली उतरवू.

जेवत जा.

तुझी ताई

रविवार, २५ ऑगस्ट

बाळ्या,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहिते, तू राग कर, दोघांचंही काम चालू राहू दे.

वर्गाची खोली तू पाहिली आहेस, सभागृहामागची. तिथला पंखा तू बसवला होतास. तो अजून फिरतो, पण असा आवाज करतो की मला नोहाची गोष्ट ओरडून सांगावी लागली. एका कोपऱ्यात मोडके बाक रचलेत, दुसऱ्यात मुलांच्या बुटक्या खुर्च्या. मी त्या खुर्चीवर बसले तर बसता आलं, उठता आलं नाही. दोघी जुळ्यांनी एकेक हात धरून ओढलं. तेव्हापासून त्या माझ्याशी बोलतात.

मी आपली लॅबच्या शिस्तीने सुरुवात केली. आल्याबरोबर हात धुवायचे, रांगेत बसायचं, छातीवर नावाची चिठ्ठी चिकटवायची. मुलांनी हात धुतले आणि माझ्या पदराला पुसले. चिठ्ठ्यांची अदलाबदल केली, आणि मी तासभर बेकरीवाल्याच्या मुलाला भलत्याच मुलीच्या नावाने हाका मारत होते. तोही प्रत्येक वेळी ओ देत होता. अर्ध्या तासात त्यांनी माझ्या नाकी नऊ आणले. लॅबमध्ये शंभर पेशंट झाले तरी इतकी दमत नसे.

पण सांगू का, शेवटची दहा मिनिटं मला आवडायला लागली आहेत. शेवटी सगळे गोल करून बसतात आणि प्रत्येक जण देवाकडे काहीतरी मागतो. बेकरीवाल्याच्या मुलाच्या कुत्र्याचा पाय मुरगळलाय, तो त्या पायासाठी मागतो. जुळ्यांना भाऊ हवाय, पण तो आल्यावर खोली वेगळी हवी. एका मुलाला गणिताच्या बाईंची बदली हवी आहे. मी डोळे मिटून हसू दाबत असते. मिठू दर वेळी तुझ्यासाठी मागते, हळू आवाजात, फक्त “पप्पांना बरं कर” एवढंच.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मुलं मोठ्यांच्या उपासनेत पुढे जातात आणि माईकवर एकेक प्रार्थना करतात, हे तुला माहीत आहेच. पेटीवाले काका मला परवा बाजूला घेऊन म्हणाले, “बाई, आठवडाभर आधी प्रत्येकाला एकेक वाक्य पाठ करून द्या. जुन्या बाई द्यायच्या. जगात शांती नांदो, पाळकांना आरोग्य दे, असं. मग मुलं घरी आठवडाभर घोकतात.”

मला ते पटलं नाही. लॅबमध्ये आम्ही कधी पेशंटला सांगितलं नाही की तुझ्या रक्तात अमुक निघू दे. जे असेल ते निघेल. मी काकांना म्हटलं, प्रार्थना म्हणजे काय पाढे आहेत? मुलांच्या मनात असेल ते मुलं बोलतील. काका म्हणाले, “बघा बुवा.” मी म्हटलं, बघते.

मला स्वतःचंच थोडं कौतुक वाटलं. तू असतास तर म्हणाला असतास, ताई, आलीस का पुन्हा शहाणपणावर.

तुझी ताई

मंगळवार, ३ सप्टेंबर

बाळ्या,

पहिला रविवार झाला. मुलं पुढे गेली, बोलली. आवाज मोठे होते, सगळ्यांना नीट ऐकू गेलं.

पंख्याचा आवाज कमी झालाय. पेटीवाल्या काकांनी शिडीवर चढून तेल घातलं. डिंकाची बाटली कोणीतरी आडवी ठेवली होती, ती बाकाला चिकटून बसली, निघता निघत नाही. मिठूच्या आईला थोडी कणकण आहे, पण काळजीचं काही नाही.

या खेपेला जास्त लिहीत नाही. डोकं दुखतंय.

ताई

रविवार, ८ सप्टेंबर

बाळ्या,

मागच्या पत्रात मी तुझ्याशी लबाडी केली. डोकं दुखत नव्हतं. शनिवारी पाळक तुला भेटायला येणार आहेत. त्यांच्या तोंडून कळण्याआधी माझ्याकडून कळावं म्हणून आज सगळं लिहिते. बसून वाच.

पहिल्या रविवारी मुलं ओळीने पुढे उभी राहिली. मी माईक खाली केला आणि बाजूला झाले. बेकरीवाल्याच्या मुलाने कुत्र्याच्या पायासाठी मागितलं, तेव्हा सगळी मंडळी गालातल्या गालात हसली. जुळ्यांनी भावासाठी मागितलं, तेव्हा डॉक्टरांचे कान लाल झाले. मी पेटीवाल्या काकांकडे बघितलं, बघा म्हणून. मग मिठू माईकपाशी गेली. तुझी मुलगी ती, तिला माईक मिळाल्यावर काय विचारतोस. दोन्ही हातांनी तो धरला आणि खणखणीत आवाजात म्हणाली:

“देवा, माझे पप्पा दारू सोडायच्या दवाखान्यात आहेत. त्यांना तिथे झोप येत नाही आणि त्यांचे हात थरथरतात. त्यांना बरं कर आणि घरी पाठव. आणि आत्या सगळ्यांना बांधकामाचं खोटं सांगते, तिला क्षमा कर. आमेन.”

आमेन म्हणायला कोणाचं तोंडच उघडेना. मी मुलांच्या मागे उभी होते, मला सगळ्यांचे चेहरे दिसत होते. पेटीवाल्या काकांनी पाळकांची वाट न बघता पुढचं गीत सुरू केलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही, त्यांनी निदान लोकांच्या माना पुस्तकात घातल्या.

तूच विचार कर. मिठूला आपण खरं सांगितलं होतं, कारण तिने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. ते बाहेर बोलायचं नाही, हे सांगायचं मात्र आम्ही दोघी विसरलो. आणि मंडळी तिच्या लेखी बाहेर थोडीच आहे? तिला वाटलं, देवाशी बोलायचंय तर नीट सांगावं, म्हणजे चूक व्हायला नको. जुन्या बाई असत्या तर तिच्या तोंडी जगाची शांती घातली असती आणि तू बांधकामावर सुखात राहिला असतास. माझा शहाणपणा नडला. तुझ्या घराची झाकली मूठ माझ्याच वर्गाने भर मंडळीत उघडली.

बाहेर आल्यावर लोक घाईघाईने पांगले, ते जास्त लागलं. एक शिक्षिका माझा हात दाबून म्हणाल्या, “आम्ही आहोत हं.” असा हात लोक मयताला दाबतात. मिठूच्या आईने घरी पोचल्यावर दार लावलं आणि मिठूला म्हणाली, “घरातलं बाहेर बोलायचं नसतं, कळत नाही का तुला? आता पप्पा कुठल्या तोंडाने येतील इथे?” मारलं नाही तिने, आवाजही चढवला नाही. मिठू जेवायलाही बसली नाही.

मी त्याच संध्याकाळी किल्ली घेऊन पाळकांकडे गेले. म्हटलं, घ्या ही, मला जमत नाही. ते म्हणाले, “बाई, राजीनामा द्यायला ही नोकरी आहे का? आणि एक सांगतो. मी इतकी वर्षं त्या जागी उभा राहून प्रार्थना करतोय. रविवारी जी झाली तशी मला अजून जमलेली नाही.” किल्ली त्यांनी घेतली नाही. बोलायला सोपं आहे ते, त्यांच्या घरातलं कुठे कोणाला कळलंय.

माफ कर असं लिहिणार होते. पण तू आधीच एका गोष्टीसाठी रागावलेला आहेस, त्यात ही दुसरी. पहिलीचं मला वाईट वाटत नाही. दुसरीचं फार वाटतं.

ताई

रविवार, २२ सप्टेंबर

बाळ्या,

पाळक येऊन गेले ना. त्यांनी मला थोडंच सांगितलं. तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, त्या मंडळीत मी पुन्हा पाय ठेवणार नाही. मग खिडकीकडे तोंड करून बसलास. तब्येत सुधारली आहे म्हणाले. चेहऱ्यावर मांस दिसतंय आणि हात स्थिर आहेत. मी ते मिठूच्या आईला सांगितलं, तर तिने दोनदा विचारलं, हात नक्की स्थिर आहेत ना. मग मोरीत जाऊन नळ सोडून बराच वेळ भांडी घासत बसली. भांडी घासलेलीच होती.

तुझा निर्णय तुझा. पण मला आज तुझ्याशी दुसऱ्याच गोष्टीबद्दल बोलायचं आहे.

मिठू वर्गात येते. हात धुते, रांगेत बसते, चित्र रंगवते. गोल करून बसलो आणि तिचा नंबर आला की मान हलवते आणि शेजारच्या मुलीला कोपराने ढोसते, तू बोल म्हणून. गेल्या दोन्ही रविवारी हेच. ही तीच मिठू, जिच्या बडबडीने तू कानात कापूस घालायचास. घरीसुद्धा विचारलं तेवढंच बोलते. पोरीच्या तोंडाला कुलूप लागलंय आणि ते आपण मोठ्यांनी लावलंय.

गंमत म्हणजे बाकीच्या मुलांना यातलं काहीच कळलेलं नाही, किंवा फार बरोबर कळलंय. बेकरीवाल्याच्या मुलाने आज मागितलं, “माझ्या कुत्र्याचा पाय आणि मिठूच्या पप्पांची दारू.” मग सावरून म्हणाला, “म्हणजे पाय दे, दारू घे.” मी वर बघितलं. एकही पोर हसलं नाही, कोणी कोणाच्या कानात कुजबुजलं नाही. पुढच्या मुलाने गणिताच्या बाईंचं मागितलं. त्यांच्या लेखी तू मुरगळलेल्या पायाच्या आणि गणिताच्या बाईंच्या मध्ये आहेस. मला तिथे तुझं असणं इतकं बरं वाटलं की काय सांगू. त्या गोलात कोणाला कोणाची कीव येत नाही.

सगळे गेल्यावर मिठू खुर्च्या एकात एक रचत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, “आत्या, मी देवाला सांगितलं, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. म्हणून पप्पा आता येणार नाहीत का?”

मी म्हटलं, “असं कोण म्हणालं?”

“पाळक तुला सांगत होते ते मी ऐकलं. पप्पा माझ्यावर रागावलेत.”

मी नाही म्हणाले. पुन्हा पुन्हा म्हणाले. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तू बांधकामाचंपण सांगत होतीस.”

माझ्या शब्दाला आता तुझ्या मुलीपाशी किंमत नाही, आणि ती मीच घालवली आहे. तेव्हा या प्रश्नाचं उत्तर मला देता येणार नाही. तुझ्या बायकोलाही नाही, पाळकांनाही नाही. तूच दे. मला लिहू नकोस, माझ्यावर खुशाल रागाव. तिला लिही. लांब नको. तिला जोडाक्षरं अजून नीट येत नाहीत, तेव्हा सोपं लिही.

ताई

रविवार, १३ ऑक्टोबर

बाळ्या,

पोस्टमन आमच्या दारावरून जातो तेव्हा मिठू खिडकीत उभी असते. मी तिला सांगितलेलं नाही की तुला लिहिलंय. तिने आपलं आपणच ठरवलंय की पत्र यायचं असेल तर येईल. पोस्टमन पुढे गेला की ती आत येऊन अभ्यासाला बसते. मला तिचं तोंड बघवत नाही.

गेल्या रविवारी मुलं पुन्हा पुढे गेली. आधी मंडळीतल्या दोघी-तिघींनी मला गाठून सांगितलं, या वेळी तरी पाठ करून घ्या. मी रात्रभर विचार केला असं लिहिणार होते, पण खरं म्हणजे मी गाढ झोपले आणि सकाळी उठून ठरवलं की पाठ करून घ्यायचं नाही. मिठूचं तोंड बंद केल्याचं डोळ्यांसमोर दिसत असताना बाकीच्यांची कशी बंद करू? फक्त प्रत्येकाला आधी एक गोष्ट विचारली, तुला जे मागायचंय ते सगळ्यांसमोर की आपल्या खोलीत? दोन्ही चालेल. एका मुलीने खोलीत सांगितलं. काय ते तुलाही सांगणार नाही. एवढं मी शिकले.

मिठूला विचारलं, तर म्हणाली, “कुठेच नाही.” पण ओळीत येऊन उभी राहिली. माईक तिच्यापाशी आला, तिने तो दोन्ही हातांनी घेतला आणि पुढच्या मुलाच्या हातात दिला. सगळं सभागृह तिच्याकडे बघत होतं. तुझी बायको दुसऱ्या बाकावर होती. घरी आल्यावर तिने मिठूला मांडीवर घेतलं. पाय जमिनीला टेकतात एवढी मोठी पोर, तरी घेतलं, आणि म्हणाली, “मी त्या दिवशी बोलले ते चुकलं माझं.” मिठू म्हणाली, “असू दे.” सात वर्षांच्या मुलीने असू दे म्हणायचं म्हणजे काय रे.

मला तुझी आठवण येते, बाळ्या. रागावलेल्या तुझीसुद्धा. लहानपणी तू रागावलास की पलंगाखाली जाऊन बसायचास, आणि मी ताट घेऊन खाली सरकायचे. आता माझे गुडघे तसे राहिले नाहीत आणि तू फार लांब जाऊन बसला आहेस. तिला लिही.

ताई

रविवार, २७ ऑक्टोबर

बाळ्या,

आलं.

गुरुवारी दुपारी आलं. पाकिटावर तिचं नाव बघून मिठूला आधी खरंच वाटेना. मी वाचून दाखवू का विचारलं, तर म्हणाली, नको, माझं आहे. जेवणाच्या टेबलाखाली शिरली आणि तिथे बसून वाचायला लागली. आम्ही दोघी वर भाजी निवडत होतो. म्हणजे हातात भाजी होती. खालून अक्षरं लावल्याचा आवाज येत होता. तुझं अक्षर तरी काय रे, डॉक्टर बरे. मध्येच डोकं बाहेर काढून तिने पत्राची घडी घालून फक्त एक शब्द माझ्यासमोर धरला. “हे काय आहे?” मी म्हटलं, “हिंमत.” ती म्हणाली, “बरं,” आणि पुन्हा खाली गेली.

काय लिहिलं आहेस ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. रात्री भाताला मीठ कमी आहे असं तिने सुनावलं. मग शाळेत कोणी कोणाला चिमटा काढला ते सांगितलं, मग कोणाला उलटी झाली ते साग्रसंगीत सांगितलं. तुझ्या बायकोने माझ्याकडे बघितलं. आम्ही दोघींनी मीठ न घालताच भात खाल्ला, उठावंसं वाटेना.

आज वर्गात गोल करून बसलो. मी मुद्दाम मिठूकडे बघितलं नाही. तिचा नंबर आला. ती म्हणाली, “पप्पा म्हणतात, मी सांगितलं ते बरं केलं. ते म्हणतात, एकटीने मागून पुरणार नाही, पुष्कळ जण पाहिजेत. आणि बरं झाल्यावरसुद्धा मागत राहावं लागणार.”

डोळे सगळ्यांनीच उघडले. बेकरीवाल्याच्या मुलाने विचारलं, “रोज?” मिठू म्हणाली, “रोज.” तो म्हणाला, मग वार वाटून घेऊ. आणि बाळ्या, त्या खोलीत वार वाटले गेले. सोमवार जुळ्यांचा, कारण त्या दोघी आहेत आणि सोमवार अवघड असतो. मंगळवार गणिताच्या बाई नको असलेल्याचा. बेकरीवाल्याच्या मुलाने शनिवार घेतला, पण त्या बदल्यात मिठूने बुधवारी कुत्र्याचा पाय बघायचा असा करार झाला. गुरुवार कोणीच घेईना, त्या दिवशी सगळ्यांची शिकवणी असते. मिठूने माझ्याकडे बघितलं. तेव्हा गुरुवार माझा आहे.

मी रुमाल काढला तर जुळ्यांतली एक म्हणाली, “बाई, तुम्हाला सर्दी झालीय.” मी हो म्हटलं. झाली माझी अजून एक थाप.

तू बरं लिहिलंस. मी तुला लहानाचं मोठं केलं, पण हे मला सुचलं नसतं.

तुझी ताई

बुधवार, ३० ऑक्टोबर

बाळ्या,

तुझी माझ्या नावाची चार ओळींची चिठ्ठी मिळाली. माझ्यावरचा राग गेला की नाही ते त्यात लिहिलेलं नाही, पण न्यायला मीच यावं असं लिहिलंय, त्यावरून काय समजायचं ते मी समजले. शनिवारी सकाळी पोचते. तुझा निळा शर्ट घेऊन येईन. इथून नेलेला आता अंगात जाणार नाही असं पाळक म्हणतात.

रविवारी घरीच थांबलो तर चालेल का, असं विचारलं आहेस. चालेल. मी तुला ओढून नेणार नाही, आणि कोणी का आला नाही म्हणून विचारलं तर थाप मारणार नाही. लोक बघतील हे खरं आहे. पहिल्या दिवशी बघतील, दुसऱ्या दिवशी कमी बघतील. हात दाबणाऱ्या शिक्षिकेला मी आधीच सांगून ठेवलंय की दाबायचा नाही. आलास तर दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बस. नको वाटलं तर मधूनच उठून जा, मी मागून येऊन काही विचारणार नाही.

फक्त एक तुला माहीत असावं, म्हणून लिहिते. येणारा रविवार महिन्याचा पहिला आहे. मुलं पुढे येतील. आज संध्याकाळी मी मिठूला विचारलं, या वेळी बोलणार आहेस का, आणि कुठे, सभागृहात की खोलीत? ती म्हणाली, “सभागृहात. पण काय मागायचं ते तेव्हाच कळेल.”

मी म्हटलं, “म्हणजे?”

ती म्हणाली, “पप्पा समोर बसलेले दिसले, तर मी सायकल मागणार आहे.”

बाळ्या, मी ऑगस्टपासून त्या गोलात बसते आहे. कोणी भाऊ मागितला, कोणी बूट मागितले, बदली मागितली, कुत्र्याचा पाय मागितला. मिठूने स्वतःसाठी आजवर काहीही मागितलेलं नाही. मला वाटायचं, हिला काही नको असेल. तिला लाल सायकल हवी आहे, पुढे टोपली असलेली, आणि ती उन्हाळ्यापासून हवी आहे.

मी विचारलं, आणि पप्पा दिसले नाहीत तर?

ती गृहपाठ करत होती. वहीतून मान वर न करता म्हणाली, “मग सायकल राहू दे. पप्पांचंच मागते.”

शनिवारी भेटू.

तुझी ताई